पुढचं तुमचं तुम्ही बघा

उंदरांविषयी मला माया वगैरे अजिबात नाही, हे आधीच सांगून टाकते. आईची लग्नातली नारायणपेठ त्यांनी ट्रंकेत शिरून कुरतडली होती. घडी उलगडली तर एकाच आकाराची भोकं ओळीनं थेट पदरापर्यंत. फ्रिजमागची वायर, वॉशिंग मशीनचा पाइप, गाडीच्या बॉनेटखालचं वायरिंग, या सगळ्याची बिलं मी भरलेली आहेत. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसनं माणसं गेली, तो जंतू उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो. शिवाय मी कसब्यातल्या वाड्यात वाढले. प्लेगच्या दिवसांत घरात उंदीर मरून पडला की चूल विझवायची, दाराला कुलूप घालायचं आणि माळावरच्या झोपड्यांत जाऊन राहायचं, हे आजीनं तिच्या सासूकडून ऐकलेलं आणि आम्हाला जेवताना सांगितलेलं. तेव्हा उंदीर मारूच नयेत असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. गणपतीच्या पायाशी बसलेला मूषक इथे मध्ये आणायचा मोह सगळ्यांनाच होतो, तो मी टाळते.

माझी तक्रार सापळ्यांबद्दल आहे. सापळ्याला दोन कामं असतात, पकडायचं आणि संपवायचं. बाजारात जे मिळतं त्यातलं बहुतेक पहिलंच काम करतं. दुसरं कुणाच्या गळ्यात पडतं, हे बघायला सापळा बनवणारा येत नाही.

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गेलात तर कुठल्याही दुकानात काउंटरवर तीन गोष्टी येतात. तारेचा पिंजरा, लाकडी पाटीवरचा स्प्रिंगचा चाप आणि गोंदाचा पुठ्ठा. मला दाखवणाऱ्या दुकानदाराला आपला माल नीट माहीत होता. "पिंजरा धुऊन परत वापरता येतो. चाप लावताना बोटं सांभाळायची. आणि हे घ्या ताई, हल्ली सगळे हेच नेतात. हात लावायचा नाही, बघायचं नाही. चिकटला की पुठ्ठा मिटायचा आणि द्यायचा टाकून."

"आणि मेला नसला तर?"

"मरतोच की कधीतरी. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

तो उर्मटपणे बोलला नव्हता. असला प्रश्न गिऱ्हाईक विचारत नाही, एवढंच.

पिंजऱ्यापासून सुरुवात करू, कारण त्याच्याशी माझी जुनी ओळख आहे. वाड्यात एकच पिंजरा होता आणि तो सगळ्या बिऱ्हाडांत फिरायचा. आतल्या आकड्याला खोबऱ्याचा तुकडा किंवा शिळं भजं अडकवायचं. खोबरं असेल तर विस्तवावर जरा करपवून, म्हणजे वास सुटतो. उंदरानं तुकडा ओढला की आकडा हलतो, वरची काडी सुटते आणि मागचं दार खाडकन पडतं. यंत्र म्हणून यात काही खोट नाही. खोट आहे ती सकाळपर्यंतच्या वेळात. रात्री दहाला सापडलेला उंदीर सहा वाजेपर्यंत तारांच्या चौकटींतून तोंड बाहेर काढायची धडपड करतो, आणि सकाळी पाहावं तर नाकाचा शेंडा सोलून लाल झालेला असतो. दार जड नसलं तर शेपूट खाली अडकते. आत पाणी नसतं, लपायला आडोसा नसतो. जो प्राणी जन्मभर भिंतीच्या कडेकडेनं, मिशा भिंतीला घासत चालतो, त्याला चारी बाजूंनी उघड्या जागेत ठेवलेलं असतं.

आणि मग सकाळी वाड्यातली सगळी पोरं गोळा व्हायची. कारण खरा प्रश्न तेव्हा सुरू व्हायचा. कुणी म्हणायचं नदीकाठी सोडून या. म्हणजे शनिवारातल्या लोकांच्या घरात सोडून या. कुणी बादली भरायचं. पिंजरा बादलीत बुडवणं हा आपल्याकडचा सर्वांत रुळलेला उपाय, आणि करणाऱ्याला तो सौम्य वाटतो, कारण रक्त नाही, आवाज नाही. उंदीर पट्टीचा पोहणारा. तो पाण्याखाली लगेच संपत नाही, श्वास धरून पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात तोंड खुपसत राहतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेनं प्राण्याला मरण देण्याच्या पद्धतींची यादी केली आहे, तीत बुडवून मारणं बसत नाही. आमच्या वाड्यात हे काम वरच्या मजल्यावरचे एक मास्तर करायचे. ते आधी पोरांना हाकलायचे, मग पिंजरा पोत्यात रिकामा करून पोतं एकदाच दगडी पायरीवर आपटायचे. आम्हाला ते फार क्रूर वाटायचे. आता वाटतं, अख्ख्या वाड्यात कामाचा दुसरा भाग आपला आहे हे समजलेला तो एकटाच माणूस होता.

चापाचं प्रकरण उलटं आहे. त्यात पकडणं आणि संपवणं एकाच क्षणात व्हावं अशी मूळ कल्पना. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या विल्यम हूकर नावाच्या माणसानं १८९४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि पुढच्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये जेम्स हेन्री ॲटकिन्सन यानं त्याच धर्तीचा चाप आणला. सव्वाशे वर्षांत त्यात फारसा बदल नाही, पाटी, स्प्रिंग, दांडी, टोचणी. दांडी मानेवर किंवा कवटीवर पुरेशा जोरानं बसली तर उंदराला काय झालं हे कळायच्या आत तो गेलेला असतो. पण तो 'पुरेसा जोर' कोण मोजतो? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये बाजारातले उंदरांचे, घुशींचे आणि चिचुंद्रीसारख्या दिसणाऱ्या मोल नावाच्या प्राण्याचे सापळे आणून त्यांचा आघात यंत्रावर मोजला. एकाच प्राण्यासाठी विकल्या जाणाऱ्या निरनिराळ्या बनावटींत सहा ते आठ पटींचा फरक निघाला. खोक्यावर चित्र तेच, काम वेगळं. आपल्याकडच्या स्वस्त चापाची स्प्रिंग दोन पावसाळ्यांत गंजून ढिली होते आणि मग तो मानेऐवजी पाय धरतो, नाहीतर कंबर. रात्रभर स्वयंपाकघरात पाटी फरशीवर घासत फिरल्याचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना जास्त सांगायला नको.

सापळ्याची परीक्षा घ्यायची कल्पना जगात नवी नाही. युरोपीय संघ, कॅनडा आणि रशिया यांच्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीला सापळ्यांच्या मानकांचा करार झाला. कुठला प्राणी किती सेकंदांत बेशुद्ध व्हायला हवा, ते त्यात आकड्यांत दिलंय. पण त्यात एकोणीस प्राणी आहेत. बीव्हर, पाणमांजर, लिंक्स, सेबल, असे बहुतेक फरसाठी मारले जाणारे. घरातला उंदीर नाही. ज्याच्या कातड्याला भाव, त्याच्याच मरणाला निकष! इंग्लंड आणि वेल्सनं दातेरी जबड्याचा लोखंडी सापळा १९५८ पासून बंद केला आणि स्प्रिंगच्या सापळ्यांना सरकारी मान्यता लागेल असं ठरवलं. त्याच वर्षी निघालेल्या एका आदेशानं उंदरांच्या चापाला त्यातून सूट मिळाली. न्यूझीलंडमध्ये मात्र उंदीर मारणारे सापळेही तपासून पाहतात. तिथला निकष असा, की सापळा बसल्यापासून तीन मिनिटांच्या आत जनावर बेशुद्ध व्हायला हवं. चाचणीत नापास होणारे सापळे निघतात आणि त्यांची नावं लोकांना कळतात. आपल्याकडे प्रेशर कुकरला आयएसआयचा शिक्का लागतो. उंदराच्या चापाला असा काही शिक्का असतो का, असं मी त्या दुकानदाराला विचारलं तर तो मनापासून हसला.

आता गोंदाचा पुठ्ठा. याच्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण गेल्या काही वर्षांत तो पिंजरा आणि चाप या दोघांनाही मागे टाकून घराघरांत शिरला.

आमच्या इमारतीच्या मीटर खोलीत वॉचमननं एक पुठ्ठा टाकून ठेवला होता. एका सकाळी वीजबिलाचं रीडिंग घ्यायला आलेला मुलगा ओरडत बाहेर आला, "मण्यार! मण्यार!" सर्पमित्राला फोन केला. तो आला, मोबाइलचा उजेड पाडला आणि म्हणाला, "कवड्या आहे. बिनविषारी. घाबरू नका, आणि कोणी हात लावू नका." तपकिरी अंगावर पिवळसर पट्टे असलेला हातभर साप गोंदात असा चिकटला होता की फक्त मान मोकळी होती, आणि तीही तो वळवून वळवून परत गोंदातच आणत होता. सर्पमित्रानं आधी उघड्या गोंदावर मैदा भुरभुरला, म्हणजे सुटलेला भाग पुन्हा चिकटायला नको. मग शेजारून मागून आणलेलं गोडंतेल कापसानं शेपटीकडून थोडं थोडं सोडत तो सापाच्या अंगाखाली बोट सरकवत गेला. ओढायचं नाही. ओढलं की पोटाचे खवले पुठ्ठ्यावर राहतात. तासभर तरी चाललं असेल. मधे त्यानं मान न वळवता आम्हाला विचारलं, "उंदीर कुठाय?"

उंदीर नव्हताच. त्या पुठ्ठ्यावर झुरळं होती, त्यांच्या मागे आलेली पाल होती, अर्धी वाळलेली, आणि पालीच्या मागे आलेला हा कवड्या. कवड्याचं मुख्य खाणं पालीच. उंदीर तेवढे भिंतीच्या त्या बाजूनं डक्टमधून ये-जा करत होते, हे त्यांच्या लेंड्यांवरून दिसत होतं. नवीन वस्तू दिसली की उंदीर काही दिवस तिच्या वाटेलाच जात नाही. म्हणून तर जाणकार माणूस चाप आधी न चढवता, नुसता खाऊ ठेवून भिंतीलगत मांडून ठेवतो. हे आमच्या वॉचमनला कोणी सांगितलं नव्हतं, आणि पुठ्ठ्याच्या पाकिटावरही लिहिलेलं नव्हतं.

उंदीर चिकटतो तेव्हा काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण लांबवावंसं वाटत नाही. तो गोंद वाळत नाही, म्हणून तर तो चालतो. पाय सोडवायला उंदीर तोंड खाली नेतो, की तोंड चिकटतं. केस उपटून निघतात, कातडी निघते, काही वेळा तो स्वतःचा पाय कुरतडतो. मरण येतं ते दमून, तहानेनं किंवा गोंदात नाक बुडून, आणि त्याला तास लागतात, कधी एक-दोन दिवसही. त्या काळात भीतीनं तो मलमूत्र सोडत राहतो. अमेरिकेतली रोगनियंत्रण संस्था गोंदाचे सापळे वापरू नका म्हणते ते उंदराच्या दयेपोटी नाही. घाबरलेल्या उंदराच्या लघवीतून माणसाला रोग लागण्याची शक्यता वाढते म्हणून. म्हणजे ज्या भीतीनं आपण तो पुठ्ठा घरात आणतो, तीच तो वाढवतो.

पण मला हे सगळं ज्यांच्यामुळे नीट दिसलं त्या आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशी. ओला-सुका वेगळा करून द्यायचा नियम आहे आणि पुठ्ठा सुक्यात जातो. एकदा लिफ्टपाशी भेटल्या तेव्हा हातमोजा काढत म्हणाल्या, "ताई, त्या तिसऱ्या मजल्यावरच्यांना सांगा ना. पुठ्ठं हलतं हो."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी हाताच्या दोन पंजांनी मिटल्याची खूण केली.

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? गाडीत तसंच टाकलं तर आत चिर्र चिर्र करतंय. खाली ठेवते नि टाच देते एकदाच. सुटतंय बिचारं." जरा थांबून, "सकाळच्या पारी नको वाटतंय, पण."

दुकानदाराचं 'पुढचं तुमचं' कुठं जाऊन पोचतं ते हे. कंपनीनं ते दुकानदाराकडे दिलं, दुकानदारानं गिऱ्हाइकाला. गिऱ्हाईक पुठ्ठा मिटून पिशवीला गाठ मारतं, आणि शेवटी कामाचा दुसरा भाग महिन्याला घरामागे थोडक्या पैशांवर कचरा उचलणाऱ्या बाईच्या टाचेखाली येतो. तिला कुणी विचारलेलं नसतं. पाकिटावर 'स्वच्छ' लिहिलेलं असतं, ते वरच्या मजल्यापुरतं खरं असतं. मुंबई महापालिकेचे मूषक संहारक रात्री बॅटरी आणि काठी घेऊन गल्ल्यांतून फिरतात, एका रात्रीत तीस उंदरांचं उद्दिष्ट असतं. ते काम ऐकायला भयंकर वाटतं, पण सरावलेल्या हातातली काठी एका फटक्यात संपवते, आणि मारणारा बघत असतो. तिसऱ्या मजल्यावरच्यांना यातलं काहीच करावं लागत नाही.

कायद्याचं म्हणाल तर भारतीय प्राणी कल्याण मंडळानं २०११ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये राज्यांना सांगितलं, की गोंदाचे सापळे बनवणं, विकणं, वापरणं बंद करा. काही राज्यांनी परिपत्रकं काढली. मोबाइलवर आजही घरपोच मिळतात. प्राण्यांना क्रूरतेनं वागवू नये म्हणून केलेल्या ज्या १९६० च्या कायद्याच्या आधारानं हे चालतं, त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पुठ्ठ्यांची जोडी त्याहून महाग पडते. न्यूझीलंडनं २०१५ पासून सरकारी परवानगीशिवाय हे सापळे वापरण्यावर बंदी घातली, वेल्सनं २०२३ मध्ये सरसकट, आणि इंग्लंडमध्ये जुलै २०२४ अखेरीपासून परवाना असलेल्या व्यावसायिकाशिवाय कुणाला ते लावता येत नाहीत. वेल्सनं त्याच कायद्यात तारेचे फासही बंद केले, हे मला विशेष वाटलं, कारण त्यावरून आपल्या कोकणातली फासकी आठवली.

फासकी म्हणजे मोटरसायकलच्या क्लचची किंवा ब्रेकची वायर. तिचा सरकफास करून रानडुकराच्या वाटेवर, गडग्याच्या खिंडीत बांधून ठेवायचा. बनवायला काही खर्च नाही, आणि भातात रात्रीतून नांगरल्यासारखं करून ठेवणाऱ्या डुकरांपुढं हातपाय गाळलेल्या शेतकऱ्याला मी पुण्यात बसून अक्कल शिकवावी, हे मला पटत नाही. पण फासकीला डोळे नाहीत. त्याच वाटेनं बिबट्या येतो. फास कमरेला बसतो, आणि तो जितका ओढ घेतो तितका आवळतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या वर्तमानपत्रांत 'फासकीत अडकलेल्या बिबट्याची सुटका' ही बातमी इतकी नेहमीची, की आता ती आतल्या पानावर असते. वरून धड दिसणारा बिबट्या आतून फुटलेला असू शकतो, आणि सुटकेनंतर दगावल्याची बातमी आली तर ती आणखी लहान असते. विदर्भात फासकीची जागा कुंपणात सोडलेल्या थेट विजेनं घेतली. तिच्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारचा शेतकरीही मरतो. २०२० मध्ये केरळात पलक्कडकडे गाभण हत्तीण फळात भरलेल्या स्फोटकानं तोंड फाटून नदीत उभ्या उभ्या मेली, तेव्हा देशभर हळहळ झाली. तसली स्फोटकंही रानडुकरांसाठीच ठेवतात. डुकराचा जबडा फाटला असता तर कुणी कॅमेरा घेऊन गेलं नसतं.

भरपाई वेळेवर मिळाली, कुंपणाला नीट अनुदान मिळालं, तर किती फासक्या कमी होतील याचा हिशेब मला मांडता येणार नाही. घरातल्या उंदरांचा मात्र येतो. लहान उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे पेन्सिल जाईल एवढी. मोठ्याला त्याच्या दुप्पट. मादी तीन आठवड्यांत विते. तेव्हा भोकं उघडी ठेवून सापळे लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. आधी पाइपांभोवतीची भोकं बुजवायची, सिमेंटमध्ये काचेचा चुरा घालून. गटाराच्या तोंडाला जाळी. रात्रीचा कचरा झाकणाच्या डब्यात. एवढं करूनही जो उरतो त्याच्यासाठी कडक स्प्रिंगचा चाप, भिंतीला काटकोनात, खाऊचं टोक भिंतीकडे करून, आणि सकाळी उठल्या उठल्या बघायचा.

सोसायटीच्या सभेत मी हे मांडलं. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, चापात रक्त दिसतं, लहान मुलं आहेत. मी मावशींनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. मग जरा वेळ कुणी बोललं नाही, आणि नंतर सगळे एकदम बोलायला लागले. सेक्रेटरींचं म्हणणं, डक्टच्या जाळीचा खर्च सिंकिंग फंडातून करता येतो का ते आधी बघावं लागेल. शेवटी ठरलं ते असं. भोकं बुजवायची, सोसायटीच्या पैशांतून गोंदाचे पुठ्ठे आणायचे नाहीत, आणि जिन्यात चाप लावायचे. आपापल्या घरात कुणी काय वापरावं, यावर मतदान नको. चाप लागल्यावर उंदीर कोण काढणार, यावर वॉचमननं स्वच्छ सांगितलं, ते माझ्या कामात नाही. तळमजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "मी काढीन. पण ज्याच्या मजल्यावर चाप, त्यानं सातच्या आत बघायचा. आणि जिवंत असला तर मला तेव्हाच हाक मारायची. आंघोळ-चहा उरकून नाही."

सेक्रेटरींनी ते वहीत तसंच लिहून घेतलं. जाळीची दोन कोटेशनं आली आहेत, दोन्ही महाग आहेत.